शाळा गेली कुरणात

मुलांनो, शाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चार भिंती, एक फळा, वर टिनाचं नाहीतर स्लॅबचं छत आणि खिडकीतून दिसणारा आभाळाचा हातभर तुकडा. बरोबर? आता मार्च-एप्रिलमधली बुलढाणा जिल्ह्यातली एखादी शाळा आठवा. उन्हाळा म्हणून शाळा सकाळची. तरीही नऊ वाजले की टिन तापायला लागतं, पाठ घामाने भिजते, आणि भूगोलाच्या तासाला वाळवंट म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरजच उरत नाही! मग एखादे गुरुजी म्हणतात, "चला रे पोट्टेहो, लिंबाखाली बसू." झालं! इतका वेळ जांभया देणारी मंडळी दप्तरं उचलून अशी पळतात, की जणू सुट्टीच झाली.

पण खरंच सुट्टी झाली का? की शाळा आता कुठे सुरू झाली?

आज आपण या लिंबाखालच्या शाळेविषयी बोलणार आहोत. आपला मुक्काम आहे जळगाव जामोद. खानदेशातलं केळीचं जळगाव नव्हे हं! हे वऱ्हाडातलं जळगाव. दोन जळगावांचा घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचं नाव त्याला जोडलेलं. गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे, त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. पायथ्याशी कोरकू, भिल्ल, निहाल लोकांच्या वस्त्या. दक्षिणेला काळीभोर जमीन पूर्णा नदीपर्यंत उतरत गेलेली, आणि तिच्यात पऱ्हाटी, तूर, ज्वारी, सोयाबीन. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की डोंगर, नदी, जंगल, शेती, चारही धडे समोर हजर. आणि आपण काय करतो? दार लावून घेतो, पुस्तक उघडतो आणि त्यात डोंगराचं चित्र बघतो!

आता तुम्ही म्हणाल, झाडाखाली बसणं म्हणजे खोल्या कमी पडल्यामुळे केलेली सोय. पुष्कळ ठिकाणी ती तशी असतेही. पण याच महाराष्ट्रात दोन बाईंनी मुद्दाम, विचार करून शाळा उघड्यावर नेली होती. त्यांची गोष्ट आधी ऐका, मग आपण आपल्या शाळेच्या आवाराकडे वळू.

गोष्ट आहे ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीची. (२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून बोर्डी पालघर जिल्ह्यात येते.) समुद्रकाठचं टुमदार गाव, मागे डोंगर, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर वारली आदिवासींचे पाडे. २४ डिसेंबर १९४५ या दिवशी ताराबाई मोडक यांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. या वयात माणसं निवृत्तीचा हिशेब करायला लागतात, आणि या बाई शहर सोडून खेड्यात निघाल्या! त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ, वय पस्तीस. अनुताईंचं लग्न त्या तेराएक वर्षांच्या असताना झालं होतं आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आलं होतं. त्या काळात अशा मुलीपुढे सगळी दारं बंद व्हायची. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढे दुसऱ्यांसाठी दारं उघडत राहिल्या.

ताराबाईंचं बालशिक्षणाचं काम मात्र जुनं होतं. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक विलक्षण शिक्षक होते. वकिली सोडून ते लहान मुलांना शिकवायला लागले होते आणि मोठी माणसं त्यांना 'मिशाळी आई' म्हणायची. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. इटलीतल्या मारिया मॉन्टेसरी बाईंची पद्धत या मंडळींना फार आवडली होती. मुलाला हाताने करू द्या, त्याच्या वेगाने शिकू द्या, उगीच रागावू नका, मारू तर मुळीच नका. फक्त एक अडचण होती. मॉन्टेसरीची साधनं, म्हणजे ते गुळगुळीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, मण्यांच्या माळा, हा सगळा सरंजाम महाग. तो शहरातल्या पैसेवाल्यांच्या बालमंदिरात शोभायचा. खेड्यातल्या मुलांनी काय करायचं?

बोर्डीत याचं उत्तर सापडलं. शिंपले, बिया, चिंचोके, गोटे, पानं, फुलं, बांबूची नळकांडी, काड्या. मोजायला चिंचोके, लहान-मोठं ओळखायला गोटे, रंग ओळखायला फुलं. पैसा शून्य, आणि हरवलं तर रडारड नाही! मला विचाराल तर महागड्या ठोकळ्यापेक्षा शिंपला कधीही सरस. एकासारखा दुसरा शिंपला नसतो, म्हणून तो हातात घेतला की नीट बघावंच लागतं.

साधनं मिळाली, बालवाडी सुरू झाली. पण एक भलताच प्रश्न उभा राहिला. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती सगळ्यांत गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईचनात! का येत नसतील बरं? जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आई-बाप पहाटेच कामावर गेलेले. घरात धाकटं भावंडं, त्याला कडेवर घेऊन फिरायचं. अंगावर धड कपडा नाही. पोटात भूक. त्यातून शाळेत सगळी 'मोठ्या' लोकांची मुलं बसणार, ती आपल्याला जवळ बसवतील का, याची धास्ती. तुम्ही गेला असता?

पुष्कळ शाळांनी अशा वेळी पत्रक काढलं असतं, 'पालकांची उदासीनता' वगैरे. ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच मुलाकडे नेऊ. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच एका अंगणात बालवाडी मांडली. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आया दारात उभ्या राहून बघायच्या, म्हातारी माणसं ओट्यावरून बघायची. शाळा म्हणजे काय ते न सांगता कळत होतं. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी!

हो, तीच अंगणवाडी. तुमच्यापैकी कितीतरी जण लहानपणी जिथे बसून खिचडी खायचे, ती. २ ऑक्टोबर १९७५ ला भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. महाराष्ट्रातलं मेळघाटातलं धारणी त्यांत होतं, म्हणजे आपल्या सातपुड्यातलंच गाव. या योजनेची केंद्रं अंगणवाडी याच नावाने देशभर पसरली. एका लहानशा वस्तीच्या अंगणातला शब्द कुठल्या कुठे जाऊन पोचला बघा.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे आणखी एक पेच होता. पाड्यावरची जरा मोठी मुलं, सात-आठ-दहा वर्षांची, दिवसभर गुरं राखायची. गुरं सोडून शाळेत बसली तर गुरं शेतात घुसणार, आणि मग पाठीत धपाटे. गुरांना तर शाळेत आणता येत नाही! मग काय केलं असेल? ओळखलंत. शाळा गुरांच्या मागे गेली. जिथे गुरं चरतात त्या कुरणातच वर्ग भरायला लागला. तिचं नाव कुरणशाळा.

मला या कुरणशाळेची कल्पना फार आवडते. विचार करा, गुरं राखणारं पोरगं काय अडाणी असतं होय? कुठलं पान गाय खाते नि कुठलं सोडते, कुठल्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर आंधळं व्हायची पाळी येते, पाऊस किती वेळात येणार, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शाळेत मात्र तेच पोरगं 'ढ' ठरतं, कारण परीक्षेत यातलं काहीच विचारत नाहीत. कुरणात गेल्यावर गंमत अशी होते, की निम्म्या गोष्टी गुरुजींनाच पोराला विचाराव्या लागतात!

आणि धाकट्या भावंडांचं काय? त्यावरही तोडगा निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. ताई भावाला कडेवर घेऊन आली तरी चालेल. तो पाळणाघरात, ती वर्गात. या जागेला विकासवाडी म्हणायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण कितीतरी मुलींचं शिक्षण केवळ एवढ्यासाठी थांबलेलं असतं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी आपली कहाणी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहिली आहे. शाळेच्या पेटीत असेल तर जरूर काढा.

उघड्यावरच्या शाळा आणखीही झाल्या. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले, ते तुम्हाला माहीत असेलच. जर्मनीत बर्लिनजवळ १९०४ मध्ये अशक्त मुलांसाठी चक्क जंगलात शाळा काढली होती. मोकळी हवा आणि ऊन यांनी मुलं सुधारतील म्हणून. आपल्या विदर्भात सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत मुलं कापूस पेरण्यापासून सूत कातण्यापर्यंत सगळं करायची आणि त्यातूनच गणित शिकायची. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपं लागली तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडेच रंगवून टाकले. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हते ती मुलं गल्लीतून फिरत फिरत पाढे नि व्याकरण वाचायची. शाळा बंद, पण गल्ली चालू!

बरं, आता आपल्या आवारात येऊ. जळगाव जामोद तालुक्यातल्या शाळेला उघड्यावरचा वर्ग करायचा असेल, तर काय काय करता येईल? खर्च फारसा नाही. लागेल ती माती, दगड, काठ्या आणि पुष्कळशी हौस.

माझी पहिली शिफारस जमिनीवरच्या नकाशाची. भिंतीवरच्या नकाशात उत्तर 'वर' असते. त्यामुळे सातपुडा आकाशात आहे असं लहान मुलांना वाटलं तर त्यांचा काय दोष? जमिनीवर नकाशा केला तर उत्तर खऱ्या उत्तरेला येते. आपला बुलढाणा जिल्हा तर या खेळाला फारच छान. १ फूट म्हणजे १० किलोमीटर असं माप धरा. वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदची खुंटी ठोका. तिथून सरळ दक्षिणेला १२ फूट मोजा आणि दुसरी खुंटी ठोका. ते लोणार! खरंच, लोणार आपल्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे, सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद. आपल्या मापात दोन इंचांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे एक मोठं लिंबू बसेल एवढा खळगा करायचा. उल्का आदळल्याचा आवाज तुम्ही तोंडाने काढा.

उत्तरेला मातीचा सातपुडा रचा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. एक सांगतो, डोंगराची उंची नकाशाच्या मापाने ठेवाल तर फसाल. हजार मीटर उंच डोंगर सव्वा इंचाचा होईल आणि पहिल्याच पावसात सपाट! म्हणून उंची मुद्दाम वाढवायची. नकाशे करणारी मोठी माणसंही असंच करतात. दोन्ही डोंगरांच्या मध्ये पूर्णेची घळ काढा. तेराही तालुक्यांच्या ठिकाणी दगड ठेवा. शेगाव, खामगाव, सिंदखेडराजा, सगळे. त्या दगडांवर नावं रंगवा.

आता झारीने पाणी घाला. उत्तरेच्या अर्ध्या भागातलं पाणी पूर्णेत येईल. पूर्णा पश्चिमेला जाऊन तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडचं पाणी मात्र पैनगंगेत आणि खडकपूर्णेत, तिथून शेवटी गोदावरीत, आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात! एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. वर्गात हे वाक्य दहादा पाठ केलं तरी विसरतं. झारी एकदा ओतली की विसरत नाही. आणि हो, 'पूर्णा' नाव दोन नद्यांना आहे हे लक्षात ठेवा. खडकपूर्णा वेगळी, आपली पूर्णा वेगळी. परीक्षेत पुष्कळांची इथे दांडी उडते.

दुसरी गोष्ट, सावलीची काठी. मोकळ्या जागी एक सरळ काठी ओळंब्याने अगदी उभी रोवा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळ्यांत आखूड सावली पडली ती खरी दुपार, आणि ती सावली दाखवते ती खरी उत्तर. (मे-जुलैमधले काही आठवडे सोडून, का ते पुढे येईल.) आता घड्याळात बघा. बारा? छे! बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं झालेली असतील. घड्याळ बिघडलं नाही. भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत, तो उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातो. जळगाव जामोद आहे ७६.५ अंशांवर. फरक ६ अंशांचा. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. सहा चोक चोवीस! म्हणजे आपली दुपार २४ मिनिटं उशिरा. मुंबईच्या मुलांची तर ३८ मिनिटं उशिरा, नागपूरकरांची १४. पृथ्वीच्या चालीमुळे वर्षभरात यातही थोडा फेर पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली सावली बारा-आठच्या सुमारास सगळ्यांत आखूड होते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा-अडतीसला. खडे मांडून ठेवले तर तुम्हालाच दिसेल.

आणखी एक जादू. वर्षात दोन दिवस भर दुपारी ही काठी सावलीच टाकत नाही! सूर्य अगदी डोक्यावर. जळगाव जामोदला हे २६ मेच्या आसपास आणि १७-१८ जुलैला घडतं. मधल्या दिवसांत तर दुपारची सावली उलट दक्षिणेला पडते. मेमध्ये सुट्टी असते आणि जुलैत ढग, त्यामुळे हा चमत्कार फारच थोड्या मुलांनी पाहिलाय. सुट्टीतही काठी काही पळून जात नाही, पण!

आता सावलीचं बोलू, म्हणजे झाडांचं. लिंब आणि करंज ही दोन झाडं आपल्या उन्हाला पुरून उरतात. करंजाची सावली तर उन्हाळ्यात गच्च असते. बाजूने शेवगा, आवळा, सीताफळ लावावं. निलगिरी लावू नका. त्या झाडाखाली धड सावली नाही, घरटं नाही, गुरंसुद्धा फिरकत नाहीत. वृक्षारोपणाच्या दिवशी रोप लावून फोटो काढणं सोपं आहे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा गावातली बकरी येते. बकरीला पर्यावरण दिन वगैरे कळत नाही. म्हणून रोपाआधी कुंपण. आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या हव्या तेवढ्या मिळतात, त्यांचं कूड करा, बाहेरून बाभळीचे काटे लावा. प्रत्येक रोपाला दोन पालक नेमा, एक मोठ्या वर्गातला, एक लहान. मोठा सातवीनंतर शाळा सोडून गेला तरी लहान मागे उरतो. झाडाखाली मातीचा नाहीतर विटांचा गोल ओटा बांधला की वर्ग तयार. रांगेत बसलं तर पुढच्याची पाठ दिसते, गोलात सगळ्यांची तोंडं दिसतात, आणि शेवटचा बाक नावाची गोष्टच राहत नाही.

आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे आवाराचं काय करायचं यात तुमचा शब्द चालतो. हल्ली पैसे आले की पहिला बेत होतो तो सगळ्या पटांगणात सिमेंटचे ठोकळे बसवायचा. दिसायला झकपक. पण ते उन्हात तापतात, पावसाचं पाणी जिरू देत नाहीत, आणि पोरं पडली की गुडघे फुटतात. ठोकळे फाटकापासून वर्गापर्यंतच्या वाटेला बसवा, बाकीची माती राहू द्या. ज्यांना वर्गणी देणं जमत नाही त्यांनी ट्रॉलीभर माती, पाच-पन्नास विटा, एक दिवसाचं काम द्यावं. आणि गावातल्या जाणत्या माणसांना शिकवायला बोलवा. तिफण कशी धरायची, बियाणं कसं निवडायचं, डोंगरातली झाडं कशी ओळखायची, हे सांगणारी कोरकू आजी एका तासापुरती शाळेची बाई झाली, तर तिच्या नातवाची मान वर्गात किती ताठ होईल!

दोन सूचना मात्र कडक. दगड उचलायचा तर आधी काठीने उलथायचा, खाली विंचू असू शकतो. आणि आभाळात गडगडायला लागलं की झाडाखालचा वर्ग ताबडतोब मोडायचा आणि पक्क्या खोलीत जायचं. विजेच्या वेळी झाडाइतकी वाईट जागा नाही.

एक प्रयोग खास आपल्या भागाचा. तालुक्यात दक्षिणेला, पूर्णेकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमीन काळी, खोल, सुपीक, पण खालचं पाणी खारट. त्याचा पिकांना आणि माणसांना काय त्रास होतो हे तिथल्या मुलांना मी सांगायला नको. शाळेत हातभर रुंदीचे दोन वाफे करा. दोन्हींत मेथीचे पन्नास-पन्नास दाणे मोजून पेरा. एकाला साठवलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं. रोज सकाळी किती दाणे उगवले ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. बाकी सगळं सारखं ठेवायचं, ऊनही सारखं, पाण्याचं मापही सारखं. हे झालं खरं विज्ञान. काय दिसेल ते मी सांगणार नाही, तुम्हीच बघा.

पण पावसाचं पाणी साठवायचं कुठून? छतावरून! १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. तुमचं टिनाचं छत ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब असेल, तर १० मिलिमीटरच्या एका पावसात ४८० लिटर. थोडं उडून, सांडून जाईल, तरी दोन ड्रम आरामात भरतील. ज्या टिनाला आपण उन्हाळाभर शिव्या दिल्या तेच टिन पावसाळ्यात कमावतं होतं.

किती मिलिमीटर पडला हे कळायला पर्जन्यमापक हवा. आणि पर्जन्यमापकाचं नाव काढलं की आपल्या तालुक्यातल्या भेंडवळची आठवण व्हायलाच हवी. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी भेंडवळच्या शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्यं गोलात मांडतात, मधोमध घट ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच धान्य कुठे हललं, घटात काय झालं ते बघून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे असं म्हणतात. लांबलांबचे शेतकरी ते ऐकायला येतात, वर्तमानपत्रांत छापून येतं. काही जण त्यावर पेरणीचं ठरवतात, काही जण त्याला अंधश्रद्धा म्हणतात. दरवर्षी तेच वाद.

तुम्ही वाद घालू नका. तुम्ही मोजा. भाकीत ऐकलं की ते जसंच्या तसं वहीत उतरवा. 'जून कमी, जुलै साधारण, ऑगस्ट चांगला,' असं काही असेल. आता महत्त्वाची गोष्ट. 'साधारण' म्हणजे किती मिलिमीटर, हे पाऊस पडायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नंतर ठरवलं तर कुठलंही भाकीत खरं करता येतं! तेच हवामान खात्याच्या अंदाजाचंही करायचं, त्यालाही सूट नाही. मग वर्षभर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा. हवामान खातंही याच वेळेला मोजतं, आणि २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. एका वर्षात निकाल लागणार नाही. पाच वर्षांची वही हवी. म्हणजे आजची तिसरीतली पोरं आठवीत जातील तेव्हा गावाला सांगू शकतील, आणि गावाला ऐकून घ्यावंच लागेल, कारण आकडे शाळेचे असतील.

मापक करायला सोपा. प्लास्टिकची एक मोठी, सरळ बाजूंची बाटली घ्या. मानेखाली कापा आणि वरचा तुकडा उलटा करून नाळक्यासारखा आत बसवा. बाटलीचं बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून तळाला खडे टाका आणि बाजू सरळ होतात तिथवर पाणी भरा. तिथे शून्याची रेघ. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, दगडांच्या आधाराने उभी करा. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायचं. कोरड्या दिवसांत ते उन्हाने उडतं, तेव्हा रोज बघून भरायचं. ते काम ज्याची पाळी असेल त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.